‘डहाणू रोड’ हा नेमका कुठला रोड?

एप्रिल २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि हे नाव मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात आलं. त्यातल्या ‘रोड’मुळे मात्र नवखे अजूनही बुचकळ्यात पडतात.

गैरसमज: डहाणू रोड हे एखाद्या रस्त्याचं नाव आहे.

वस्तुस्थिती: स्टेशन गावापासून लांब पडलं की गावाच्या नावापुढे ‘रोड’ जोडायची रेल्वेची जुनी रीत आहे. गावाला जायचं तर इथे उतरा आणि पुढची वाट धरा, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई-गुजरात लोहमार्ग १८६४ मध्ये सुरू झाला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात वळसा घेत जाणं रेल्वेला परवडणारं नव्हतं. म्हणून डहाणू गाव, किल्ला आणि खाडी समुद्राच्या अंगाला राहिली. स्टेशन पूर्वेला आलं. वसई रोड, बोर्डी रोड, उमरगाम रोड याच मार्गावरचे. कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन तर मळगावात आहे. कुर्डुवाडीचंही जुनं नाव बार्शी रोडच होतं.

गैरसमज: ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड ही नावंही तशीच.

वस्तुस्थिती: नाही. ग्रँट आणि सँडहर्स्ट हे मुंबईचे गव्हर्नर. त्यांची नावं आधी रस्त्यांना दिली गेली, रस्त्यांवरून स्टेशनांना. तिथला ‘रोड’ खराखुरा रस्ता आहे.

गैरसमज: डहाणू आणि डहाणू रोड यांचा पत्ता एकच.

वस्तुस्थिती: स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, वस्ती झाली आणि टपाल खात्यानेही तिला वेगळं धरलं. डहाणूचा पिन ४०१६०१, डहाणू रोडचा ४०१६०२. नाशिक रोडही असंच स्टेशनाच्या आधाराने वाढलं.

गैरसमज: इंग्रजीत ‘रोड’ म्हणजे पहिल्यापासून रस्ताच.

वस्तुस्थिती: जुन्या इंग्रजीत ‘राड’ म्हणजे घोड्यावरून केलेली स्वारी. ‘राइड’ हा शब्द त्याच कुळातला. धाडीसाठीचा ‘रेड’ हे त्याचंच स्कॉटिश रूप. जहाजं नांगर टाकून उभी राहतात त्या किनाऱ्यालगतच्या पाण्यालाही इंग्रजीत ‘रोड्स’ म्हणतात. वाहतुकीचा रस्ता हा आजचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला.

गैरसमज: ‘रोड’ परका, ‘रस्ता’ अस्सल मराठी.

वस्तुस्थिती: ‘रस्ता’ आपल्याकडे फारसीतून आला. संस्कृतातल्या ‘वर्त्म’पासून आलेली ती ‘वाट’. बोलताना आपण तिन्ही बिनदिक्कत वापरतो, आणि त्यात काही चूक नाही.

तेव्हा डहाणूचा किनारा पाहायला येणाऱ्यांनी स्टेशनाबाहेर पडताच समुद्र शोधू नये; गावात जायला रिक्षा करावी. आणि इथल्या कुणाला पार्सल पाठवायचं असेल तर ‘रोड’ आणि पिन दोन्ही नीट विचारून लिहावेत.