गियर अडतो कुठे?

इथे टेक्सासच्या लहान गावात गाडी बंद म्हणजे घर बंद. बस नाही, रिक्षा नाही. दूध आणायलाही पाच मैल. आमचा पिकअप १९९७ चा, ऑटोमॅटिक. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तो दुसऱ्यावरून तिसऱ्या गियरमध्ये जाताना घसरू लागला. इंजिनचा आवाज चढायचा, पण वेग वाढायचा नाही. एका गॅरेजने नुसती चक्कर मारून सांगितले, "ट्रान्समिशन पूर्ण खोलून नव्याने बांधावे लागेल. साडेतीन हजार डॉलर." जवळपास तेवढेच पैसे आम्ही डिसेंबरात सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला साताऱ्याला जाण्यासाठी बाजूला ठेवले होते.

मी मराठीची एम. ए., लग्नाआधी शाळेत शिकवत होते. यंत्रांशी संबंध मिक्सरपुरता. पण पेपर तपासल्याशिवाय कुणाला नापास करू नये, एवढे शिक्षकाला कळते. गावच्या वाचनालयातून आमच्या मॉडेलचे दुरुस्तीचे पुस्तक आणले आणि वाचायला बसले.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे पेडल नसते. ते काम तेलाच्या दाबावर चालते. पंप तेल ढकलतो, त्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि गियर लागतो. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब उतरतो, चकत्या घसरतात. म्हणून पहिली तपासणी तेलाचीच.

जुन्या पिकअपमध्ये बहुधा ट्रान्समिशनची वेगळी डिपस्टिक असते. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, इंजिन गरम आणि चालू असताना पातळी पाहायची. गियर पार्कमध्ये ठेवायचा की न्यूट्रलमध्ये, हे त्या गाडीच्या पुस्तकात बघावे. मग तेल पांढऱ्या कागदावर टिपावे. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर चकत्या जळल्या असण्याची शक्यता. गुलाबी, दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. बऱ्याचदा ते रेडिएटरमधल्या कूलरमधून येते. अशी गाडी पुढे चालवू नये.

दुसरी तपासणी कोडची. १९९६ पासूनच्या मॉडेलांत डॅशबोर्डखाली ठरावीक आकाराचा प्लग असतो. त्याला लावायचा साधा रीडर स्वस्तात मिळतो. आमच्या गाडीने पी ०७३० दाखवला, म्हणजे गियरचे गुणोत्तर चुकते आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की फ्लू, ते नाही.

आमचे तेल पातळीच्या बरेच खाली होते, पण लाल होते आणि करपलेला वास नव्हता. म्हणजे तेल कुठूनतरी जात होते, चकत्या मात्र बहुधा शाबूत होत्या. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी पुढच्या बाजूला लाल थेंब. रेडिएटरकडे जाणारी तेलाची रबरी नळी तडकली होती. दुसऱ्या मेकॅनिकने नळी बदलली, योग्य जातीचे तेल भरले. मजुरीसह दोनशे डॉलरांच्या आत काम झाले. तिसरा गियर पहिल्यासारखा लागू लागला.

प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटत नाही. तेल भरूनही घसरण थांबली नाही, किंवा तळाचे पॅन काढल्यावर धातूचे तुकडे निघाले, तर मोठा खर्च अटळ समजावा. पॅनमधल्या चुंबकावर बारीक करडा लेप मात्र झिजेचा, नेहमीचा असतो.

तेव्हा मंडळी, कुणी ‘ट्रान्समिशन गेले’ म्हटले की तीन प्रश्न जरूर विचारा: तेलाची पातळी किती होती? रंग कसा होता? कोड कोणता आला? उत्तरे मिळाल्यावरच पाकिटात हात घाला.