वेष आणि वेषाचीं क्रियापदें

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे आपण संग्राहक मंडळी सनद, महजर, निवाडापत्र हीं आधीं उचलतों आणि लग्नखर्चाच्या यादी बाजूला टाकतों. विहिणीस लुगडें, करवलीस खण, व्याह्यांस पागोटें, उपाध्यायांस धोतरजोडी, यांत इतिहास तो कसला, अशी आपली समजूत असते. माझीही तीच होती. चार वर्षांपूर्वीं घरच्या पेटींतील दोन यादी योगायोगानें शेजारीं शेजारीं ठेवण्यांत आल्या. एक आजोबांच्या लग्नाची, शके १८४५ मधील. दुसरी वडिलांच्या लग्नाची, इ. स. १९५६ मधील. पहिलींत अकरा पागोटीं आहेत, टोपी एकही नाहीं. दुसरींत पागोटें एकही नाहीं. टोप्या व शर्टाचीं कापडें आहेत, आणि लुगड्यांच्या जोडीला “पांचवारी पातळें” असा नवा शब्द आला आहे. मधल्या तेहेतीस वर्षांत काय घडलें, हें त्या दोन कागदांनीं जितकें थोडक्यांत सांगितलें तितकें दुसऱ्या कशानेंही सांगितलें नसतें. त्यावरून सुचलेले विचार येथें मांडीत आहें.

आरंभीं भाषेकडे पाहूं. वस्त्रासंबंधीं मराठींत एकच क्रियापद नाहीं. धोतर-लुगडें नेसावयाचें, शेला पांघरावयाचा, पागोटें बांधावयाचें आणि अंगरखा घालावयाचा. “नेसणें” हें संस्कृत नि-वस् या धातूवरून व “पांघरणें” हें प्रावरण शब्दावरून आलें आहे. जें शिवलेलें नाहीं तें नेसतात, पांघरतात किंवा बांधतात. जें शिवून वा घडवून तयार आहे तें घालतात. पगडी व पागोटें यांतील भेदही याच कसोटीनें कळतो. पागोटें ज्याचें त्यानें डोक्यावर बांधावयाचें. पगडी कारागिरानें बांधून दिलेली असते, म्हणून ती घालावयाची. गेल्या शतकांतील पेहरावाचा इतिहास एका वाक्यांत सांगावयाचा तर असा कीं, नेसणें, पांघरणें व बांधणें हीं क्रियापदें मागें पडत गेलीं आणि “घालणें” पुढें आलें.

हा फरक केवळ सोयीचा नव्हता. न शिवलेल्या वस्त्रांत कापड सर्वांचें पुष्कळसें सारखें असे. जात, गांव व दर्जा दिसे तो तें नेसण्याच्या तऱ्हेंत. कासोटा कसा खोंवला, लुगड्याचा काठ पायावर कोठें आला, पागोट्याचा पीळ कोणत्या बाजूस, यांवरून माणूस दुरून ओळखूं येई. म्हणून तंटे होत तेही या तऱ्हेवरून होत. सोनारांनीं ब्राह्मणांप्रमाणें धोतर नेसूं नये, अशी पेशवाईंत मनाई होती. मनाई धोतराला नव्हती, नेसण्याला होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

याच व्यवस्थेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें नेमकें बोट ठेविलें. त्या परिषदेच्या वेळीं जमलेल्या स्त्रियांना त्यांनीं स्वतंत्रपणें उपदेश केला. सवर्ण स्त्रिया ज्या पद्धतीनें लुगडें नेसतात त्याच पद्धतीनें तुम्हीही नेसावें. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असावें. जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तळ्याच्या पाण्याचा हक्क आणि लुगडें नेसण्याची तऱ्हा हीं एकाच चळवळींत यावीं, याचें आज कोणास नवल वाटेल. परंतु नेसण्याची तऱ्हा हीच जेथें जातीची पाटी होती, तेथें ती बदलणें म्हणजे पाटी पुसणें होतें.

पुरुषांच्या बाबतींत हें काम टोपीनें केलें. पगडी-पागोट्याचा संबंध केशरचनेशीं होता. डोक्याचा घेरा व शेंडी होती तोंवर शिरोभूषणाचा भार सोसे. इंग्रजी शिक्षणाबरोबर केस राखण्याची चाल पडली आणि तो भार नकोसा झाला. कचेरींत व गिरणींत वेळेवर पोंचणाऱ्या मनुष्याला रोज पागोटें बांधण्यास सवडही राहिली नाहीं. त्यांत १९२० च्या असहकारितेबरोबर खादीची पांढरी टोपी आली. लोकमान्य टिळकांची पगडी आणि महात्मा फुल्यांचें पागोटें यांवरून त्यांचा समाज सांगतां येत असे. पांढऱ्या टोपीवरून मनुष्याचा पक्ष कळे, जात कळत नसे. पुढें टोपीही गेली. उघड्या डोक्यानें बाहेर पडणें हें एके काळीं सुतकाचें किंवा उद्धटपणाचें लक्षण मानीत. माझ्या वडिलांच्या पिढीनें स्वराज्यानंतर टोपी खुंटीवर ठेवली आणि माझ्या पिढीनें ती खुंटीवरूनही काढली.

स्त्रियांच्या वेषांतील बदल अधिक संथ व अधिक विरोधाचा झाला. स्त्रियांनीं जाकिटें घातलीं पाहिजेत, असें आगरकरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलें, तेव्हां तें अनेकांना अशिष्ट वाटलें. पुढें शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनीं कासोटा सोडून गोल पातळ धरलें, तेव्हां तें देवकार्याला चालत नाहीं, असा घराघरांत आक्षेप होता. पण दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई झाली, १९४३ सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण आणलें, आणि नऊ वारांऐवजीं पांच-सहा वारांत भागणें ही काटकसरही ठरली. त्यानंतर नोकरीनें उरलेलें काम केलें. माझी धाकटी बहीण शिक्षिका होती. ज्या शाळेंत ती शिकवी तेथें शिक्षिकांना पंजाबी पोषाखाची बंदी होती. पावसाळ्यांत ओली साडी सांवरीत तिनें कित्येक वर्षें बसनें प्रवास केला. तिच्या आजीला मात्र हीच साडी स्वैराचाराची वाटली होती. एका पिढीचें बंड तें दुसरीचा शिष्टाचार होतो, हें आमच्या एकाच घरांत दिसलें.

आतां चक्र कसें फिरलें पहा. लग्नांत व मिरवणुकींत नऊवारी व फेटा पुन्हा आले आहेत. पण ही नऊवारी शिंप्याकडून कासोट्यासह शिवून आणतात, आणि फेटाही बांधून तयार मिळतो. वस्त्र परत आलें, क्रियापद परत आलें नाहीं, नऊवारीसुद्धां आतां “घालतात.” तरीही खूण पुरती पुसली गेली, असें म्हणवत नाहीं. पुणेरी पगडीला २००९ मध्यें भौगोलिक उपदर्शन मिळालें, आणि २०१८ मध्यें सत्कारासाठीं पुणेरी पगडी असावी कीं फुल्यांचें पागोटें, असा जाहीर वाद महाराष्ट्रानें पाहिला. रोजच्या डोक्यावरून उतरलेलें वस्त्र मानाच्या प्रसंगीं अजून बोलतें.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीनें यांतून एक सावधगिरी निघते. एका समूह-छायाचित्रांतील बहुतेक मंडळी पगडी-उपरण्यांत पाहून मीं तें १९१० च्या आसपासचें ठरविलें होतें व तसें टिपणही करून ठेविलें होतें. पुढें त्याच्या पुठ्ठ्यामागें १९३४ हें साल सांपडलें. माझी चूक अशी कीं, प्रसंग मंगलकार्याचा होता आणि मंडळी वयोवृद्ध होती, हें मीं जमेस धरलें नाहीं. मनुष्य उतारवयांतही तरुणपणाचाच वेष ठेवतो, आणि समारंभाचा वेष रोजच्या वेषापेक्षां मागें रेंगाळतो. म्हणून काळ ठरवितांना चित्रांतील सर्वांत जुना वेष पाहूं नये. कडेला उभ्या असलेल्या मुलांचा, सर्वांत नवा वेष पहावा. चित्र त्या वेषाहून जुनें असूं शकत नाहीं.

छायाचित्र एका क्षणाचें असतें. लग्नाची यादी, कापडदुकानाची खतावणी आणि शिंप्याची वही यांत तिथी, भाव, वार आणि नांव हीं चारही एकत्र मिळतात. पागोट्याच्या जागीं टोपी कोणत्या घरांत कोणत्या सालीं आली, हें त्यांवरूनच ठरवितां येईल. स्त्रियांच्या वेषाचा लेखी पुरावा तर मुख्यतः अशाच कागदांत आहे; सनदांत तो येत नाहीं. हे कागद रद्दींत जात आहेत. माझ्या पाहण्यांत एका कापडदुकानाच्या जुन्या वह्या गेल्या वर्षीं वजनावर विकल्या गेल्या; मी पोंचलों तेव्हां त्यांचीं बासनें तेवढीं उरलीं होतीं. ज्यांच्या घरीं अशा यादी असतील त्यांनीं निदान त्यांची नक्कल, तिथीसह व शब्द जसेच्या तसे ठेवून, एकाद्या संशोधनसंस्थेकडे पाठवावी, एवढी विनंती करून हें टिपण पुरें करितों.