तांबड्या पेशीची शिल्लक

रक्ताच्या पिशवीवर दोन तारखा असतात, एक रक्त घेतल्याची आणि दुसरी मुदत संपण्याची. त्या दोहोंच्या दरम्यान, २ ते ६ अंश सेल्सिअसच्या गारठ्यात, त्या निपचित दिसणाऱ्या द्रवाचे काय होत असते, हा प्रश्न एका आप्ताच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्या मनात जो रुतला तो काही केल्या निघेना, आणि म्हणून तांबड्या पेशींच्या आवरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातील एका प्रयोगशाळेत जाण्याची परवानगी मी मागून घेतली.

तेथील काम एक संशोधक बाई पाहतात. थेंबभर रक्त क्षारद्रावणात विरळ करावयाचे, काचपट्टीवर घेऊन वर पातळ काच ठेवावयाची, कडा बंद करावयाच्या आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवावयाची, एवढीच पूर्वतयारी. मात्र द्रावणात किंचित अल्ब्युमिन घालण्यास त्या कधी चुकत नाहीत. कारण नुसत्या काचेच्या सान्निध्यानेही तांबडी पेशी आपले रूप टाकते आणि तिच्या अंगावर काटे उभे राहतात. “बघायला घेतली की बिघडते, म्हणून आधी तिची मर्जी राखावी लागते,” असे त्या म्हणाल्या.

मी स्वाभाविकपणे पेशीच्या मध्यावरील खोलगट भागाकडे पाहत होतो. “मध्ये नको, कड बघा,” असे त्यांनी सांगितले, आणि नजर स्थिरावल्यावर ती कड थरथरताना दिसली. हालचाल मिलिमीटरच्या लक्षांशाच्या घरातली. परंतु ती एकदा दिसली की पडद्यावरची एकही पेशी स्वस्थ आहे असे वाटेना. १९७५ साली ब्रोशार आणि लेनॉन या फ्रेंच संशोधकांनी या स्पंदनाचा उलगडा केला, तो असा की उष्णतेमुळे भोवतालचे रेणू अखंड धडकत असतात आणि आवरण लवचीक असल्यामुळे ते धक्के त्यावर उमटतात. पेशीतील एटीपी या ऊर्जाद्रव्याचाही त्यात वाटा असल्याचे पुढील संशोधनात दिसून आले. बाईंचा कॅमेरा ही थरथर टिपतो, संगणक तिचे गणित मांडतो, आणि आवरण किती मऊ वा ताठ झाले आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तरीही प्रत्येक पेशी त्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, आणि माझ्या मते त्या कामाचा खरा कस तेथेच लागतो.

“शेकडा चाळीस ध्यानात ठेवा,” असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. तांबड्या पेशीत जेवढा ऐवज असतो तेवढा गोलाकारात सामावण्यास जितके आवरण पुरले असते, त्याहून सुमारे शेकडा चाळीस अधिक आवरण तिच्यापाशी असते. अर्धी भरलेली पखाल जशी कोठेही वाकते, आणि गच्च भरलेली वाकत नाही, तसाच हा प्रकार आहे. आवरणाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे असते व ते पेशीला पुन्हा मूळ आकारात आणते. पण आवरणाचे क्षेत्रफळ स्वतः फारसे वाढू शकत नाही, शेकडा तीन-चारांपलीकडे ताण गेला की ते फाटते. म्हणजे आठ मायक्रॉन रुंदीच्या पेशीला प्लीहेतील एका मायक्रॉनहूनही अरुंद फटीतून जी वाट काढावी लागते, ती सारी या शेकडा चाळीसच्या शिलकीवर. ज्यांना गोलपेशींचा आनुवंशिक विकार असतो त्यांची ही शिल्लक आटते, पेशी प्लीहेत अडकतात आणि तेथेच नष्ट होतात.

पिशवीतील रक्ताचा नमुना त्यानंतर त्यांनी लावला. मुदत संपत आलेले ते रक्त होते. कित्येक पेशींवर काटे आले होते, काही जवळजवळ गोल झाल्या होत्या, आणि कडेची थरथर मंदावली होती. साठवणीत एटीपी घटते, आवरणाचे सूक्ष्म बुडबुडे सुटून निघून जातात. काटे आलेल्या पेशींपैकी पुष्कळ पेशी रोग्याच्या शरीरात गेल्यावर पूर्ववत होतात. परंतु सुटून गेलेले आवरण परत येत नाही, कारण तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि नवे आवरण घडविण्याची कसलीही तजवीज तिच्यापाशी उरलेली नसते. शेकडा चाळीसची ती पुंजी एकदाच मिळालेली, आणि सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती केवळ खर्चच व्हावयाची.

याचा अर्थ जुने रक्त रोग्यास अपायकारक असा मात्र कोणी घेऊ नये. मुदतीतील जुन्या रक्ताने ताज्याच्या तुलनेत मृत्यू वाढतात असे २०१५ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत आढळले नाही. मुदत आहे, ती पाळली जाते आणि ती पुरेशी आहे; साध्या पिशवीतील पूर्ण रक्तास ३५ दिवस, पोषक द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशींस ४२ दिवस. परंतु मुदत आहे याचाच अर्थ रक्ताची कोठारे भरून ठेवता येत नाहीत. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी शेकडो पिशव्या एकदम जमतात, आणि एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद पडली की रक्तपेढ्यांतून टंचाईची ओरड सुरू होते. रक्तदात्याचा उत्साह मोलाचा खराच, पण पेशींना ते कॅलेंडर कळत नाही.

प्रकृती निरोगी असेल तर पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. वाचकांना विनंती एवढीच की शिबिराची वाट न पाहता, आणि विशेषतः उन्हाळ्याच्या सुटीत, जवळच्या रक्तपेढीत आपण होऊन जावे.