ख्रिस्ती दिनपालन आणि उपकारस्तुती : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

वर्षातील काही दिवस पवित्र मानून पाळणे ख्रिस्ती श्रद्धेस आवश्यक आहे काय, हा प्रश्न प्राचीन आहे. जळगाव व धुळे या शेतीप्रधान जिल्ह्यांत त्यास विशेष महत्त्व प्राप्त होते. येथील वर्ष पोळा, दिवाळी व आखाजी यांच्या आधारे मोजले जाते. आखाजीस सालदाराचा नवा करार ठरतो. त्याच दिवशी पितरांसाठी घागरही भरली जाते. त्यामुळे कोणत्या दिवसात किती सहभागी व्हावे, हे येथील ख्रिस्ती शेतकऱ्यास व शेतमजुरास ठरवावेच लागते.

शास्त्राधार

दिवस, महिने व ऋतू पाळणाऱ्यांविषयी पौलाने गलतीकरांस पत्रात (४:१०-११) चिंता व्यक्त केली. कारण तेथे नियमशास्त्राचे पालन ही तारणाची अट होऊ पाहत होती. रोमकरांस पत्रात (१४:५-६) मात्र दिवस मानणारा व न मानणारा या दोघांनाही त्याने मोकळीक दिली. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : दिनपालन हा विवेकाचा विषय आहे, सक्तीचा नव्हे.

ऐतिहासिक दृष्टिक्षेप

२५ डिसेंबरच्या नाताळाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद रोममधील, इ. स. ३३६ ची आहे. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटनांनी १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळण्यास कायद्याने बंदी घातली होती. तथापि तेच लोक प्रसंगोपात्त उपकारस्तुतीचे दिवस पाळीत. त्यांचा आक्षेप कृतज्ञतेस नव्हता, तर शास्त्राज्ञेविना लादलेल्या वार्षिक सणास होता. खानदेशात कार्य केलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (स्थापना १८९०) हेही इव्हँजेलिकल परंपरेतील होते. या परंपरेत सणांच्या पंचांगापेक्षा बायबलवाचनावर अधिक भर असतो.

हंगामाचा सण

अनेक मराठी मंडळ्यांत शेतमालाचा पहिला वाटा उपासनेत अर्पण केला जातो. यामागील शास्त्रवचने केवळ अर्पणावर थांबत नाहीत. लेवीय २३:२२ नुसार शेताच्या कडा गरीब व परदेशी यांच्यासाठी राखावयाच्या आहेत. अनुवाद २६:११ नुसार परक्यासही आनंदात सामील करावयाचे आहे. कोरडवाहू कापसाच्या या प्रदेशात पाऊस हुकलेल्या वर्षी अर्पण करण्यास काहीच नसते, आणि भूमिहीन मजुराकडे ते कोणत्याच वर्षी नसते. उपकारस्तुती उत्पन्नावर मोजली, तर तिच्यातून हेच घटक वगळले जातात.

निष्कर्ष

दिवस ऐच्छिक आहे. कृतज्ञता मात्र कर्तव्य आहे. म्हणून पितृपूजेत भाग न घेताही आखाजीचा विसावा, शेजाऱ्यांसह भोजन व सालदाराचा चोख हिशेब ख्रिस्ती कुटुंबास स्वीकारता येतो. त्याचप्रमाणे, हंगामाचा सण न पाळणाऱ्यास कमी श्रद्धावान ठरविता येत नाही. मात्र जी मंडळी तो पाळते, तिने अर्पणातील वाटा पीक न आलेल्या घरापर्यंत पोहोचविणे शास्त्रास अभिप्रेत आहे.