धुराला वाट कुठून द्यायची?

घरात पेलेटचा स्टोव्ह घ्यायचा ठरला की सगळी चौकशी स्टोव्हची होते. किती किलो पेलेट लागतात, पंखा बॅटरीवर चालतो की विजेवर, मोठी देग त्यावर टिकेल का. धूर कुठून जाणार हा प्रश्न मात्र स्टोव्ह घरात येऊन बसल्यावर निघतो. मग मिस्त्री येतो, जवळची भिंत बघतो, तिला भोक पाडतो आणि हातभर पाइप गल्लीत काढून मोकळा होतो. अर्ध्या तासाचं काम. पुढची अनेक वर्षं त्या घरातली बाई काय श्वासात घेणार आणि शेजारीण काय घेणार, हे त्या अर्ध्या तासात ठरून जातं.

आपल्या परभणी जिल्ह्यात पेलेटला कच्च्या मालाची वाण नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, सगळं दळून आणि दाबून बोटाएवढ्या कांड्या करता येतात. गॅस आता बहुतेक घरांत आहे, तरी अंघोळीचं पाणी, ज्वारीच्या भाकरी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक यांसाठी मागच्या पडवीत चूल ठेवणारी घरं कमी नाहीत. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. त्या चुलीच्या जागी पेलेटचा स्टोव्ह आला तर धूर खरोखर कमी होतो. कमी होतो, संपत नाही.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत या प्रश्नाचं उत्तर बांधतानाच दिलेलं असे. चुलीच्या वर छताला सानं ठेवलेलं असायचं. त्यातून उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. पाऊस आला की कुणीतरी वर चढून त्यावर पत्रा टाकायचं. तांब्याच्या बंबाकडे बघा. मधोमध उभी नळी, खाली जाळ, भोवती पाणी. धूर सरळ वर जातो आणि जाता जाता पाणी तापवतो. माळवदं पाडून स्लॅब टाकले तेव्हा घरं पक्की झाली, पण सानं गेलं. आराखडा काढणाऱ्याने गॅस गृहीत धरला होता.

धूर वर का जातो हे सातवीतल्या मुलालाही सांगता येतं: गरम हवा हलकी असते. पाइप जितका उंच आणि आतून जितका गरम, तितकी ओढ जास्त. प्रत्येक वळण ही ओढ कमी करतं आणि आडव्या पाइपात काजळी साचते. पेलेटच्या स्टोव्हमध्ये पंखा हवा ढकलतो, त्यामुळे आडव्या पाइपातूनही धूर जाताना दिसतो आणि काम झालं असं वाटतं. अमेरिकेत खोली गरम करणाऱ्या पेलेट स्टोव्हचा पाइप भिंतीतून आडवा काढायची मुभा असते, पण खिडक्या-दारांपासून किती अंतर हवं याचे नियम ठरलेले असतात. आपल्याकडे समोरचं घर चार हातांवर, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली किंवा बॅटरी उतरली की पंखा थांबतो, आतल्या कांड्या मात्र धुमसत राहतात. अशा वेळी उभा पाइप असेल तर धूर स्वतःच्या उष्णतेने वर जातो. नसेल तर तो घरात परततो.

म्हणून खरी निवड भिंत की छत अशी नाही. पाइप शेवटी छताच्या वर गेलाच पाहिजे. तिथवर तो घरातून न्यायचा की भिंतीबाहेरून, एवढंच ठरवायचं असतं. पत्र्याचं घर असेल तर सरळ वर न्यावा. वळण नाही, ओढ उत्तम. फक्त पाइपाभोवतीच्या फटीतून पाणी गळू नये म्हणून पत्र्याची झालर बसवावी आणि लाकडी वासा पाइपाला टेकणार नाही हे बघावं. स्लॅब असेल तर गज तुटण्याची आणि गळतीची भीती असते, वरच्या मजल्यावर भाडेकरू किंवा दीर राहत असतील तर तो मार्गच बंद. मग भिंतीतून बाहेर काढून बाहेरच्या अंगाने कठड्याच्या वर न्यावा. बाहेरचा पाइप थंड राहतो, त्यामुळे ओढ थोडी कमी आणि काजळी जास्त. म्हणून जिथे पाइप वर वळतो तिथे साधा एल्बो न लावता खालून झाकण उघडणारा टी लावावा. त्यातून काजळी काढता येते.

पाइपाचा व्यास स्टोव्हच्या तोंडाएवढाच वरपर्यंत ठेवावा. दुकानदार शिल्लक राहिलेला बारीक पाइप जोडायला बघतो, त्याला नाही म्हणावं. पीव्हीसी पाइप तर मुळीच नको, तो वितळतो. छताच्या वर पाइप निदान 3 फूट असावा आणि 10 फुटांच्या आत पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली असेल तर तिच्याहून 2 फूट उंच, हा अमेरिकेतला चिमणीचा नियम आपल्या गच्चीलाही लागू पडतो. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चालू करताना खिडकी उघडी ठेवावी. नाहीतर फॅन चिमणीतलाच धूर खाली ओढतो.

काजळीचं प्रकरण लहान समजू नये. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1980च्या दशकात सुरू झाला आणि 2002च्या सुमारास केंद्राने त्यातून अंग काढून घेतलं. गावोगाव चिमणीच्या चुली बसल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, सुधारित चुलींवर बरंच काम केलं. तरीही कितीतरी चुली काही वर्षांतच पडून राहिल्या, कारण चिमणी कुणी साफ करायची हे कुठल्याच घरात ठरलेलं नव्हतं. पेलेटच्या बाबतीत वेगळा धडा मिळाला. बीपी कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने काढलेला ‘ऊर्जा’ स्टोव्ह 2006 पासून महाराष्ट्र-कर्नाटकात विकला गेला. छोटा पंखा, पेलेट, धूर फार कमी. पेलेट महाग झाले तशी लोकांनी तो बाजूला ठेवला.

आता शेजाऱ्याचं. ओळखीच्या एका घरात असाच भिंतीतून पाइप निघाला. समोरच्या घरात दम्याच्या एक वृद्ध खाला. तक्रार आली तेव्हा घरची सून म्हणाली, “आपा, पण आमच्या घरात तर आता अजिबात धूर नाही.” ती खोटं बोलत नव्हती. चुलीच्या धुरावर आयुष्यभर संशोधन करणारे कर्क स्मिथ हेच सांगत असत: चिमणी धूर नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 साली घरातल्या धुराने जगभरात 32 लाख माणसं गेली.

रस्सा शिजवताना पाणी थोडं वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितलं होतं, सहीह मुस्लिममध्ये ते आलं आहे. आपण जुम्म्याला वाटीभर सालन पाठवतो आणि धूर रोज दोन वेळा पाठवतो. फिकहच्या अभ्यासकांनी हा विषय किरकोळ मानलेला नाही. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. शेजाऱ्याला होणारी मोठी हानी कोणती हे सांगताना तिच्यात धुरामुळे घरात राहणं अशक्य होण्याचं उदाहरण आहे, आणि अशी हानी दूर केलीच पाहिजे असा निर्णयही. त्या सुनेच्या घरच्यांनी शेवटी पाइप कठड्याच्या वर नेला. पाइपाचा खर्च स्टोव्हच्या किमतीच्या जवळ गेला, म्हणून स्टोव्ह घेतानाच तो धरावा.

एक धोका डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थंडी बाधली. आपल्याकडे पारा उतरला की लोक दारं-खिडक्या बंद करून शेगडी खोलीत घेतात. झोपताना घरात आग पेटती ठेवू नये ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मदिनेत एका रात्री घर माणसांसकट जळालं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. चिमणी कितीही चांगली असो, निजण्यापूर्वी स्टोव्ह पूर्ण विझवावा आणि दरवाजाखालची फट बुजवू नये.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत आता थंडीत शिरला आहे. सहरीला स्टोव्ह पेटवाल तेव्हा पाइप गार असतो आणि पहिला धूर उलटा येतो. दार उघडं ठेवून आधी थोडा कागद जाळावा. पाइप तापला की ओढ सुरू होते. पाइप अजून बसवला नसेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा गच्चीवर जा, वारा कुठून कुठे वाहतो आणि कुणाची खिडकी कुठे उघडते ते बघा. जमल्यास त्या खिडकीवाल्यांनाही सोबत न्या.