नव्वद टक्क्यांचा नेम

केरीच्या धक्क्यावर तेरेखोलची फेरीबोट लागेपर्यंत भाचा मोबाइलवर ‘एक्सकॉम २’ खेळत होता. एक चाल आपली, एक शत्रूची, असा हा पटावरचाच खेळ. शत्रू दोन घरांवर आणि नेम लागण्याची शक्यता ९० टक्के. सैनिकाची गोळी हुकली. “मामा, हो गेम फटयता!”

पोराचा राग रास्त, गणित कच्चं. ९० टक्क्यांच्या पाच गोळ्या ओळीने लागण्याची शक्यता जेमतेम ५९ टक्के. आपलं मन मात्र ९० दिसले की ‘लागलीच’ म्हणून मोकळं होतं. फिरॅक्सिसच्या २०१६ मधल्या या गेमला हे ठाऊक आहे. सोप्या पातळीवर तो दाखवतो त्याहून जास्त टक्के आतल्या आत देतो. लागोपाठ नेम चुकले तर आणखी. सर्वांत अवघड पातळीवर ही मेहेरबानी बंद. भाच्याने नेमकी तीच निवडली होती. म्हणजे गेम फटवतो तो सोप्या पातळीवर, तेही आपल्याच भल्यासाठी!

जपानी ‘फायर एम्ब्लेम’ या गेममालिकेने २००२ मध्ये दुसरी युक्ती काढली: दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी. या युक्तीने ९० लिहिलेला नेम प्रत्यक्षात ९८ टक्के लागतो, ३० लिहिलेला फक्त १८. हे आजीच्या कवड्यांचंच गणित. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर सहांपैकी तीन उताण्या पडण्याचे ६४ मध्ये २० प्रकार, सहाही उताण्या पडण्याचा एकच. दान मधल्या आकड्यांकडे झुकतं, टोकाचं क्वचितच पडतं.

‘फायर एम्ब्लेम’मध्ये पात्र घडतं तेही दानावरच. समजा, दर पायरीला ताकद एकाने वाढण्याची शक्यता ४० टक्के. १९ पायऱ्यांनंतर सरासरी वाढ सात-आठ. पण एकाचा योद्धा पाचावर अडकतो, दुसऱ्याचा दहा गाठतो, आणि दोघांनी खेळ सारखाच केलेला असतो. त्यात या मालिकेत मेलेलं पात्र सहसा परत येत नसे. मेलेले पुढच्या लढाईत परतण्याची सवलत २०१० मध्ये आली. ती घेणाऱ्याला नावं ठेवणारे अजून आहेत. मी घेतो.

भाच्याचा तो सैनिक पुढच्याच चालीत गेला. नेम हुकला म्हणून नव्हे, उघड्यावर उभा होता म्हणून. तेव्हा ९० दिसले तरी आधी आडोसा धरा.