तारणाचे चिरस्थायित्व

ख्रिस्तावर खरी श्रद्धा ठेवून तारण पावलेला मनुष्य पुढे गंभीर पापात पडल्यास त्याचे तारण टिकते की नष्ट होते, यासंबंधीचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील वाद. बायबलमध्ये दोन्ही पक्षांना आधार सापडतो. आपल्या मेंढरांना कोणीही आपल्या हातून हिसकावून घेणार नाही, असे येशूने सांगितल्याचे योहानकृत शुभवर्तमानात (१०:२८) आहे. तर एकदा प्रकाश लाभून पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य असल्याचे इब्री लोकांस पत्रात (६:४–६) म्हटले आहे. सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) अखेरपर्यंत टिकून राहणे हे ईश्वराचे स्वतंत्र दान मानले. मात्र ते आपणास लाभले आहे, हे जिवंतपणी कोणासही निश्चित कळत नाही, असे त्याचे मत होते.

धर्मसुधारणेच्या काळात दावीद राजाची कथा या वादात कसोटीची ठरली. दावीदाने बथशेबेशी व्यभिचार केला, तिचा पती उरीया याला युद्धात मरावयास लावले आणि मूल जन्मल्यावर नाथान संदेष्ट्याने कानउघाडणी करीपर्यंत पश्चात्तापाचा शब्दही काढला नाही. मधल्या काळात त्याची स्थिती काय होती? मार्टिन ल्यूथरने १५३७ मध्ये असे उत्तर दिले, की अशा वेळी श्रद्धा व पवित्र आत्मा ही दोन्ही मनुष्यास सोडून जातात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये थोडा वेगळा निर्णय दिला : प्राणघातक पापामुळे कृपा नष्ट होते, श्रद्धा मात्र उरू शकते; गमावलेली कृपा प्रायश्चित्त-संस्काराने पुन्हा मिळते.

जेकोबस आर्मिनियसच्या (१५६०–१६०९) अनुयायांनी १६१० मध्ये हॉलंडमध्ये मांडलेल्या पाच कलमांत हा प्रश्न अधिक विचारासाठी खुला ठेवला होता. पुढे मात्र खरा श्रद्धावानही पूर्णपणे पतित होऊ शकतो, असा पक्ष त्यांनी घेतला. त्यांच्या विरोधात डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) कॅल्व्हिनपंथी सिद्धांत निश्चित केला. दावीद व पेत्र यांचा नामनिर्देश करून सभेने मान्य केले, की निवडलेलेही घोर पाप करतात, मृत्युदंडास पात्र होतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावतात. परंतु ईश्वर त्यांच्यापासून आपला आत्मा सर्वस्वी काढून घेत नाही व त्यांना खात्रीने पश्चात्तापाकडे वळवितो. ‘एकदा तारण झाले की कसेही वागावे’ असा याचा अर्थ लावणे चुकीचे आहे, कारण पश्चात्ताप हा या सिद्धांताचाच भाग आहे. खरी अडचण वेगळीच आहे. जो शेवटपर्यंत वळला नाही त्याची श्रद्धा मुळातच खरी नव्हती, असे या मताने म्हणावे लागते. त्यामुळे पापात गुंतलेल्या माणसाला आपण कोणत्या वर्गात मोडतो हे ठरविता येत नाही, आणि आश्वासनाची गरज सर्वाधिक असते ती नेमकी तेव्हाच. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने १७५१ मध्ये या विषयावर पुस्तिका लिहून पतन शक्य असल्याचे प्रतिपादन केले.

हे भेद मिशनांबरोबर भारतातही आले. गोव्यातील कॅथलिक परंपरा ट्रेंटच्या निर्णयांवर आधारलेली आहे. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, तर स्कॉटिश मिशन प्रेसबिटेरियन असल्याने दोहोंची पार्श्वभूमी कॅल्व्हिनपंथी होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची मंडळी वेस्लीच्या परंपरेतील काही मेथडिस्टांसह एकत्र आली.